ब्रेक दाबला की दिवा विझतो!

मोटारीच्या दिव्यांसंबंधी गॅरेजमध्ये येणाऱ्या तक्रारींपैकी एक तक्रार मोठी विचित्र असते. रात्री दिवे लावले की मागचे दोन्ही तांबडे दिवे नीट लागतात. ब्रेकवर पाय दिला की उजवा दिवा अपेक्षेप्रमाणे झगझगीत होतो, पण डावा दिवा चक्क विझतो. पाय काढला की तो पुन्हा लागतो! दिवसा, सर्व दिवे बंद असताना ब्रेक दाबला तर उजवीकडे लखलखीत प्रकाश आणि डावीकडे नुसता मंद तांबूस उजेड दिसतो. फ्यूज शाबूत असतो. नवा बल्ब बसवला तरी तक्रार जशीच्या तशीच राहते.

ब्रेक दाबल्यावर दिव्याला अधिक वीज मिळायला हवी. मग तो विझतो कसा? या कोड्याचे उत्तर शोधण्यासाठी मोटार खोलण्याची गरज नाही. शाळेत शिकलेला ओहमचा नियम, एकसर आणि समांतर जोडणी, आणि कागद-पेन्सिल एवढे साहित्य पुरे.

पण ही केवळ गंमत नाही. मागचा तांबडा दिवा हा पुढच्या चालकाने मागच्या चालकाला दिलेला निरोप असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. निरोप समजायला मागच्या चालकाला एक सेकंद जास्त लागला, तर तेवढे अंतर हातचे गेलेच. दिवा विझल्यावर तर निरोप उलटाच जातो.

एका काचेत दोन तंतू

अनेक मोटारींत मागच्या दिव्यासाठी दोन तंतूंचा एकच बल्ब वापरतात. त्याच्या पितळी टोपणावर ‘१२ व्होल्ट, २१/५ वॅट’ असे कोरलेले असते. त्यातला ५ वॅटचा तंतू रात्री सतत जळतो. त्याला आपण ‘मागचा दिवा’ म्हणू. २१ वॅटचा तंतू ब्रेक दाबला तरच जळतो. तो ‘ब्रेकचा दिवा’. बल्बच्या बुडाशी शिशाचे दोन ठिपके दिसतात. प्रत्येक तंतूचे एक टोक एकेका ठिपक्याला जोडलेले असते. दोन्ही तंतूंची उरलेली टोके मात्र एकाच ठिकाणी, म्हणजे पितळी टोपणाला जोडलेली असतात. आपल्या कोड्याची किल्ली नेमकी येथेच आहे.

आता थोडे गणित करू. शक्ती म्हणजे विद्युतदाबाचा वर्ग भागिले रोध. म्हणून रोध म्हणजे दाबाचा वर्ग भागिले शक्ती. दाब १२ व्होल्ट घेतला तर त्याचा वर्ग १४४. त्यावरून २१ वॅटच्या तंतूचा रोध १४४ भागिले २१, म्हणजे सुमारे ७ ओहम येतो, आणि त्यातून १.७५ अँपिअर प्रवाह वाहतो. ५ वॅटच्या तंतूचा रोध १४४ भागिले ५, म्हणजे सुमारे २९ ओहम, आणि प्रवाह सुमारे ०.४२ अँपिअर. हे रोध तंतू पूर्ण तापलेला असतानाचे आहेत. टंगस्टनचा तंतू थंड असतो तेव्हा त्याचा रोध याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

परतीची वाट

घरात प्रत्येक दिव्याकडे दोन तारा जातात. मोटारीत बहुतेक ठिकाणी एकच तार जाते. बॅटरीच्या धन अग्रापासून निघालेला प्रवाह फ्यूज आणि स्विच यांमधून दिव्यापर्यंत तारेने येतो आणि परत जातो तो गाडीच्या पत्र्यामधून. बॅटरीचे ऋण अग्र जाड केबलने पत्र्याला जोडलेले असते. त्यामुळे अर्धी तार वाचते. या परतीच्या वाटेला गॅरेजमध्ये ‘अर्थ’ किंवा ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. जमिनीशी तिचा संबंध नसतो, कारण मोटार तर रबरी चाकांवर उभी असते. काही गाड्यांत दिव्यापासून एक आखूड तार निघून जवळच्या पत्र्यावर स्क्रूने पक्की केलेली असते. काहींत बल्बचा होल्डरच पत्र्याला टेकलेला असतो.

हा सांधा दिसायला क्षुल्लक, पण मोटारीतला सर्वांत दुबळा दुवा. तेथे लोखंड, पितळ, जस्ताचा मुलामा असे निरनिराळे धातू एकमेकांना टेकतात. त्यात पावसाचे पाणी शिरले की छोटासा विद्युतघटच तयार होतो आणि धातू झिजू लागतो. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत, हे काम अधिकच वेगाने चालते. लोखंडाचा गंज विजेचा फार वाईट वाहक आहे. गंजाचा थर साचला की स्क्रू जागेवर दिसतो, तार जागेवर दिसते, पण वाट बंद झालेली असते.

कोडे उलगडते

वहीत एक आकृती काढा. बॅटरीच्या धन अग्रापासून दोन तारा निघू द्या. पहिली ‘मागच्या दिव्यांची तार’. ती स्विचमधून डाव्या आणि उजव्या ५ वॅटच्या तंतूंकडे जाते. दुसरी ‘ब्रेकची तार’. ती ब्रेकच्या स्विचमधून डाव्या आणि उजव्या २१ वॅटच्या तंतूंकडे जाते. डाव्या बल्बचे दोन्ही तंतू जेथे एकत्र येतात त्या बिंदूला ‘क’ म्हणा. उजव्या बल्बचा तसाच बिंदू ‘ख’. ख पासून बॅटरीच्या ऋण अग्रापर्यंत रेघ काढा. क पासून मात्र काढू नका, कारण डाव्या दिव्याचा अर्थ गंजाने तुटला आहे.

प्रथम रात्रीची स्थिती पाहू. मागच्या दिव्यांचा स्विच चालू आहे आणि ब्रेक दाबलेला नाही. प्रवाह डाव्या ५ वॅटच्या तंतूतून क बिंदूपाशी येतो. पुढची सरळ वाट बंद आहे. पण क ला दुसरी एक वाट आहे, ती म्हणजे डाव्या २१ वॅटच्या तंतूची. प्रवाह त्यातून उलट दिशेने ब्रेकच्या तारेत शिरतो, त्या तारेने उजव्या ब्रेकच्या तंतूकडे जातो, ख बिंदूपाशी पोहोचतो आणि तेथून पत्र्यात उतरतो. म्हणजे तीन तंतू एकसर जोडणीत आले.

तापलेल्या तंतूंचे आकडे वापरले तर एकूण रोध २९ + ७ + ७, म्हणजे ४३ ओहम. प्रवाह ०.२८ अँपिअर आणि डाव्या मागच्या दिव्याला सुमारे ८ व्होल्ट. तसे असते तर तो बराच मंद दिसला असता. प्रत्यक्षात तो जवळजवळ पूर्ण तेजाने जळतो. असे का? कारण एवढ्या थोड्या प्रवाहाने २१ वॅटचे तंतू फारसे तापतच नाहीत. त्यांचा रोध ७ ओहमपर्यंत चढत नाही, एक-दोन ओहमच्या आसपासच राहतो. म्हणून १२ व्होल्टपैकी बहुतेक सगळा दाब ५ वॅटच्या तंतूलाच मिळतो. दिवा आडवाटेने जळत आहे याचा मालकाला पत्ताही लागत नाही.

आता ब्रेक दाबा. ब्रेकची तार सरळ बॅटरीच्या धन अग्राला जोडली गेली. डाव्या बल्बच्या एका तंतूच्या वरच्या टोकाला १२ व्होल्ट आणि दुसऱ्याच्या वरच्या टोकालाही १२ व्होल्ट! दोन्ही टोकांत विभवांतर शून्य. मग प्रवाह वाहणार कोठून? ज्या आडवाटेने तो परत जात होता तिच्याच तोंडाशी आता बॅटरीचा पूर्ण दाब उभा राहिला आहे. डावा दिवा विझतो. उजव्या बल्बचा अर्थ चांगला असल्याने त्याचे दोन्ही तंतू नीट जळतात. बल्बला वीज ‘अधिक’ मिळाली, पण दिवा विजेच्या नुसत्या दाबावर जळत नाही. तो दोन टोकांतील दाबाच्या फरकावर जळतो.

दिवसाचे कोडेही याच आकृतीत सुटते. मागच्या दिव्यांचा स्विच बंद आहे. ब्रेक दाबल्यावर प्रवाह डाव्या २१ वॅटच्या तंतूतून क पाशी येतो, ५ वॅटच्या तंतूतून उलटा जाऊन मागच्या दिव्यांच्या तारेत शिरतो. त्या तारेला उजवा मागचा दिवा, पुढचे पार्किंगचे दोन दिवे, नंबर प्लेटचा दिवा असे अनेक दिवे समांतर जोडलेले असतात. प्रवाह त्यांच्यात वाटला जाऊन पत्र्यात उतरतो. वाटणीमुळे त्या प्रत्येकाच्या वाट्याला इतका थोडा प्रवाह येतो की ते जेमतेम तांबूस होतात किंवा मुळीच दिसत नाहीत. सर्वांत मोठा रोध डाव्या ५ वॅटच्या तंतूचा, म्हणून सर्वांत जास्त दाब त्याच्यावर. डावीकडे दिसणारा मंद उजेड ब्रेकच्या तंतूचा नसून मागच्या दिव्याच्या तंतूचा असतो!

लक्षण एक, कारणे दोन

याच जातीची दुसरी तक्रार अशी असते: ब्रेक दाबला की पुढचे पार्किंगचे दिवे आणि नंबर प्लेटचा दिवाही चांगले उजळतात. वरचे विवेचन वाचलेला विद्यार्थी लगेच म्हणेल, “अर्थ तुटला!” पण थांबा. अर्थ तुटल्यामुळे ते दिवे जेमतेम तांबूस होतील. येथे ते चांगले उजळत आहेत. तेव्हा ब्रेकच्या तारेतून मागच्या दिव्यांच्या तारेत येणारा प्रवाह मोठा असला पाहिजे.

हे होण्याचे एक कारण बल्बच्या आत असते. खड्ड्यातल्या हादऱ्याने ५ वॅटचा तंतू तुटतो आणि त्याचे लोंबते टोक २१ वॅटच्या तंतूवर पडून चिकटते. दोन वेगळी मंडले बल्बच्या पोटातच जोडली जातात. दुसरे कारण म्हणजे चुकीचा बल्ब. दोन तंतूंच्या बल्बाच्या बाजूच्या दोन पिना कमीजास्त उंचीवर असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. एकाच तंतूच्या बल्बाच्या पिना सारख्या उंचीवर असतात. कोणी तो दोन तंतूंच्या होल्डरमध्ये जबरीने बसवला तर त्याच्या बुडाचा एकच रुंद ठिपका होल्डरमधील दोन्ही टोकांना टेकतो आणि दोन्ही तारा एक होतात.

संशयित दोन असले म्हणजे असा प्रयोग निवडावा की ज्याचे उत्तर दोघांसाठी वेगळे येईल. बल्ब नुसता काढून पाहिला तर उपयोग नाही, कारण दोन्ही बाबतींत लक्षण नाहीसे होते. डावा बल्ब उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवावा. दोष बल्बाबरोबर उजवीकडे गेला तर बल्ब दोषी. दोष डावीकडेच राहिला तर जागा दोषी, म्हणजे होल्डर, तार किंवा अर्थ. यासाठी एक पैसाही खर्च होत नाही.

व्होल्टमीटर केव्हा फसवतो?

अर्थ नेहमी पूर्ण तुटतोच असे नाही. गंजामुळे समजा सांध्याचा रोध ५ ओहम झाला. बल्ब काढून व्होल्टमीटरची एक तार होल्डरच्या टोकाला आणि दुसरी होल्डरच्या पितळी भागाला लावली, तर मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवील. वीज येत आहे, अर्थही आहे, असे वाटेल. पण सामान्य डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध सुमारे १ कोटी ओहम असतो. त्यातून वाहणारा प्रवाह १२ भागिले १ कोटी, म्हणजे अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाएवढा. एवढ्या प्रवाहाने ५ ओहमवर जो दाब खर्च होतो तो मीटरला दिसणारच नाही.

आता त्याच जागी २१ वॅटचा बल्ब बसवा. ढोबळ हिशेबाने एकूण रोध ७ + ५, म्हणजे १२ ओहम आणि प्रवाह १ अँपिअर. ५ व्होल्ट गंजात खर्च झाले, बल्बला उरले ७. तंतूच्या दिव्याचा प्रकाश दाबापेक्षा फार वेगाने घटतो. दाब दहा टक्के कमी झाला तर प्रकाश सुमारे तीस टक्के कमी होतो. ७ व्होल्टवर तर पूर्ण तेजाचा पाचवा हिस्सासुद्धा मिळत नाही.

यावरून एक नियम हाती येतो: सांध्याची परीक्षा प्रवाह वाहत असतानाच घ्यावी. दिवा चालू ठेवावा. मीटरची एक तार बल्बच्या पितळी टोपणाला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण अग्राला लावावी. अर्थ चांगला असेल तर मीटर ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवणार नाही. ५ व्होल्ट दाखवले तर चोर सापडला. अनुभवी वायरमन मीटरऐवजी दोन तारा जोडलेला साधा बल्ब, म्हणजे टेस्ट लॅम्प वापरतात, तो याच कारणासाठी. तो बल्ब स्वतः भरपूर प्रवाह ओढतो, म्हणून दुबळा सांधा त्याच्यापुढे टिकत नाही.

पुढचे मोठे दिवे मंद पडण्यामागेही पुष्कळदा हीच गोष्ट असते. ६० वॅटचा एक दिवा ५ अँपिअर घेतो, दोन मिळून १०. जुन्या स्विचमध्ये आणि सांध्यांत मिळून केवळ ०.२ ओहम रोध असला तरी २ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो. बल्ब बदलून यात काहीच सुधारणा होणार नाही.

इंडिकेटरची घाई

वळण्याची खूण देणारा इंडिकेटर साधारणपणे मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतो. कधीकधी एका बाजूचा इंडिकेटर एकदम दुप्पट घाईने लुकलुकू लागतो. हा बिघाड नसून बहुधा इशारा असतो. पुष्कळ गाड्यांतील फ्लॅशर त्या बाजूच्या बल्बांचा एकूण प्रवाह मोजत असतो. २१ वॅटच्या दोन बल्बांपैकी एक गेला की प्रवाह निम्मा होतो आणि फ्लॅशर वेग वाढवून चालकाला ते कळवतो. म्हणून अशा वेळी फ्लॅशर बदलण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारावी. साध्या बल्बांच्या जागी एलईडी बसवल्यावरही हीच घाई दिसते. एलईडी फार थोडा प्रवाह घेतात, त्यामुळे बल्ब गेला आहे असेच फ्लॅशरला वाटते.

इंडिकेटर लुकलुकताना त्याच बाजूचा मागचा दिवा उलट तालात मंदावत असेल, तर मात्र पुन्हा आकृती काढावी. तिथे इंडिकेटर आणि मागचा दिवा यांचा अर्थ एकच असून तो ढिला आहे, असे बहुधा निघेल.

तपासाची पद्धत

१. दोष नेमका कोणत्या स्थितीत दिसतो ते लिहून काढावे. एकाच वेळी एकच स्विच चालू करून सर्व दिवे पाहावेत. नको असताना लागणारा दिवाही नोंदवावा; खरा सुगावा पुष्कळदा तोच देतो.

२. बल्ब काढून तंतू आणि पिना पाहाव्यात, मग डाव्या-उजव्या बल्बांची अदलाबदल करावी.

३. एका लांब तारेने संशयित बल्बचे पितळी टोपण थेट बॅटरीच्या ऋण अग्राला जोडावे. सर्व लक्षणे एकदम नाहीशी झाली तर दोष अर्थचाच.

४. अर्थचा स्क्रू काढून पत्रा आणि तारेचे टोक पॉलिश पेपरने लखलखीत करावे, स्क्रू घट्ट आवळावा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावावी, म्हणजे पाणी शिरणार नाही.

बॅटरीजवळ काम करताना एक काळजी अवश्य घ्यावी. १२ व्होल्टचा धक्का बसत नाही, पण धन अग्र आणि पत्रा यांमध्ये पाना किंवा अंगठी अडकली तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहून धातू क्षणात लाल होतो. हातातील अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे आणि हे काम जाणकार मोठ्या माणसासमोरच करावे.

हल्लीच्या अनेक गाड्यांत दिवे इलेक्ट्रॉनिक नियंत्रकामार्फत लागतात. काही नियंत्रक दिवा बंद असतानाही बल्ब शाबूत आहे का हे पाहण्यासाठी त्यात क्षणमात्र स्पंद सोडतात. तेथे एलईडी बसवला तर तो बंद असतानाही मधूनमधून चमकतो. साधने बदलली तरी प्रवाह पूर्ण फेरी केल्याशिवाय वाहत नाही, हा नियम तोच आहे.

करून पाहा

टॉर्चचे चार सारखे बल्ब, दोन कोरडे घट, दोन स्विच आणि तारा घ्या. वर काढलेल्या आकृतीप्रमाणे मंडल जोडा आणि क पासून ऋण अग्राकडे जाणारी तार सुटी करता येईल अशी ठेवा. ती जोडलेली असताना आणि सुटी असताना, प्रत्येक वेळी दोन्ही स्विच आळीपाळीने आणि एकत्र चालू करून सर्व बल्बांची स्थिती तक्त्यात लिहा. तार सुटी असताना ‘ब्रेक’चा स्विच दाबताच डावीकडचा मंद बल्ब विझताना दिसेल.

आता तीन प्रश्न. एक: मोटारीत डावा मागचा दिवा जवळजवळ पूर्ण तेजाने जळतो, तुमच्या मंडलात मात्र तो मंद का दिसतो? दोन: सुट्या तारेच्या जागी पेन्सिलीतील शिसे जोडून त्याची लांबी कमीजास्त केली तर काय होईल? तीन: उजव्या बल्बचाही अर्थ तुटला तर कोणते दिवे लागतील? आधी आकृतीवरून उत्तर लिहा आणि मगच स्विच दाबा.